चूल, वैल आणि वरून जाणारी वीज

 

मागच्या महिन्याच्या बैठकीत आमच्याकडे कर्जाची एक मागणी आली. गटातल्या एका ताईंना छपरावर सोलर बसवायचं होतं. रक्कम मोठी होती. एवढं कर्ज आमच्या गटाने आजवर कुणाला दिलेलं नाही. अर्ज वाचून झाला आणि कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या घरी पण सरकारी चूल आली होती गं. तिच्यात आता कोंबडी अंड्यावर बसते."

सगळ्या हसल्या. पण हसू ओसरल्यावर आमच्या लक्षात आलं की आजी विनोद करत नव्हत्या. गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्या घरात नवी चूल आली, गोबर गॅस आला, सिलिंडर आला, आता सोलर येतो आहे. यातलं काय टिकलं, काय मोडलं आणि का मोडलं, हे कुणी एका जागी बसून पाहिलंच नव्हतं. पैसे देण्याआधी मागचा हिशेब बघायचा, हा गटाचा नियमच आहे. म्हणून आम्ही हा हिशेब मांडायला बसलो. आजचं बोलणं त्याचंच आहे.

सुरुवात आपल्या वैलापासून करू या. कुणी त्याला औल म्हणतं. चुलीच्या शेजारी, जरा उंचावर, दुसरं तोंड असतं. मुख्य तोंडावर भात शिजत असतो आणि तिथून निसटलेली धग आतल्या भोकातून वैलाकडे जाते. त्या धगीवर आमटी मुरते, दूध तापतं, आंघोळीचं पाणी कोमट होतं. त्यासाठी वेगळी काटकी लागत नाही. आज शहरातले इंजिनिअर कारखान्यात वाया जाणारी उष्णता परत वापरायची यंत्रं बसवतात. तेच काम ज्या बाईने पहिल्यांदा माती कालवून केलं, तिचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. पण इंधन वाचवायचं शिक्षण आपल्याला बाहेरून आलं नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

जुनी चूल फक्त स्वयंपाक करत नव्हती, हेही ध्यानात घ्या. कारवीच्या कुडाच्या घराला धुराडं नसायचं. धूर वर जायचा, छपरात रेंगाळायचा आणि मग कौलांतून किंवा गवतातून बाहेर पडायचा. त्या धुराने वाशांना भुंगा लागत नसे. वर टांगलेल्या बियाण्याला कीड लागत नसे. पावसाळ्यात माळ्यावरचा लाकूडफाटा सुकत असे, ओल्या घोंगड्या वाळत असत, डास कमी होत. रात्री उजेडही तिचाच. म्हणजे एक चूल चार-पाच कामं करत होती. तिची किंमत मात्र बाईच्या डोळ्यांनी आणि छातीने मोजली. डोळ्यांतून पाणी, सकाळचा खोकला, उतारवयातला दमा आणि पाठीवर बांधलेल्या बाळाच्या छातीत भरलेला कफ. हे सगळं आपण इतकं बघितलंय की त्याला आजार म्हणायचंच विसरलो.

आता लाकडाकडे वळू. लाकूड फुकट मिळतं असं घरातले पुरुष म्हणतात. ते कधीच फुकट नव्हतं. १८६५ मध्ये रेल्वे कसारा घाट चढून इगतपुरीला गेली. आपल्या जंगलांतून मुंबईकडे इमारती लाकूड, जळाऊ लाकूड आणि कोळसा जात होता. कोळशाच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबं राबत. १८७८ चा जंगल कायदा आला आणि ज्या रानातून मोळी आणायची, तिथे पहारा बसला. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला फांद्या आणि पाला तोडायचा की नाही, यावरून ठाणे जिल्ह्यात एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्या कागदपत्रांत शेतकरी आहेत, ठेकेदार आहेत, अधिकारी आहेत. डोक्यावर मोळी घेऊन पहाटे चोरवाटेने उतरणारी बाई त्यात शोधावी लागते. पण रानरक्षकाला बघून धडधडणारं काळीज तिचंच होतं.

लाकडाच्या पाठोपाठ पाणी गेलं. तानसाचं धरण १८९२ मध्ये पुरं झालं, पुढे भातसा झालं, आणि शहापूरचं पाणी मुंबईच्या नळाला लागलं. आपल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत अजून टँकरची वाट बघावी लागते. पाण्याचं दुखणं वेगळं, असं म्हणू नका. पुढे गोबर गॅसची गोष्ट येईल तेव्हा हेच पाणी आडवं येणार आहे.

आणि वीज? ती आपल्या डोक्यावरून गेली. टाटांनी घाटावर पाणी अडवून १९१५ मध्ये खोपोलीला, १९२२ मध्ये भिवपुरीला आणि १९२७ मध्ये भिऱ्याला वीज तयार करायला सुरुवात केली. मुंबईच्या गिरण्यांसाठी ती मनोऱ्यांवरून रानं ओलांडत गेली. १९३० पर्यंत कल्याणहून वासिंद, आसनगाव, खर्डी, कसारा असं करत इगतपुरीपर्यंतची रेल्वे विजेवर धावू लागली. त्या गाड्यांची वीज ठाकुर्लीच्या चोळे वीजघरातून येत होती. रुळांच्या कडेच्या घरांत तेव्हा मोहाच्या बियांच्या नाहीतर करंजाच्या तेलाची पणती होती, किंवा रॉकेलची चिमणी.

मुरबाडच्या मैत्रिणींना सिद्धगड सांगायला नको. १९४२ च्या चळवळीत भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी आपण तिथे फुलं वाहतो. मनोरे पाडले ते इंग्रजांचं राज्य अडवण्यासाठी. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या रानातून वीज जात होती, तिथल्या एकाही झोपडीत ती उतरत नव्हती. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये झालं, त्यानंतर हळूहळू गावठाणात खांब आले आणि सगळ्यांत शेवटी वाड्या-पाड्यांत. आमच्यापैकी काहीजणींनी दहावीचा अभ्यास कंदिलावर केलाय. ही काही फार जुनी गोष्ट नाही.

मग तारांची वाट न बघता घरच्या घरी काही करता येईल का, हा विचार कुणी केलाच नव्हता का? केला होता, आणि आपल्याच महाराष्ट्रात. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. रॉकेल परदेशातून येतं आणि गावाचा पैसा बाहेर जातो, म्हणून त्यांनी घाण्याच्या तेलावर जळणारा मगनदीप तयार केला. धूर नळकांड्यातून बाहेर नेणारी मगनचूलही तिथलीच. आज ज्याला पर्यायी ऊर्जा म्हणतात, तिचा एक धडा असा आपल्या घाणीच्या तेलात आणि चुलीच्या मातीत लिहिला गेला होता.

गोबर गॅसची मुळं तर मुंबईतच आहेत. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू धरून वापरला गेला. पुढे १९५० च्या दशकात जशभाई पटेलांनी शेणावर चालणारं, वर लोखंडी डोम तरंगणारं संयंत्र बसवलं. १९६० च्या दशकात खादी आयोगाने ते गावोगाव नेलं. १९७३ नंतर जगात तेलाचे भाव भडकले आणि सरकारलाही शेणाची किंमत कळली. १९८१-८२ पासून देशभर बायोगॅसची योजना सुरू झाली. १९८४ मध्ये दीनबंधू नावाचा विटांचा पक्का घुमट आला. त्यात लोखंड नाही, म्हणून गंजायची भीती नाही.

हे काम कसं करतं ते थोडक्यात सांगतो. शेण आणि तेवढंच पाणी कालवून टाकीत सोडायचं. हवा न लागता ते आत कुजतं, आणि त्यातून जो वायू निघतो तो नळीने शेगडीला येतो. उरलेली मळी हे उत्तम खत. पाच-सहा माणसांच्या घराला दोन घनमीटरचं संयंत्र पुरतं, त्याला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागतं. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत. आणि पन्नास किलो शेणाला तेवढंच पाणी.

इथे आमच्या आजूबाजूला काय झालं ते ऐका. आमच्या ओळखीच्या एका वाडीत मागच्या पिढीत काही संयंत्रं बसली. पहिली दोन वर्षं कौतुक झालं. मग उन्हाळ्यात विहीर आटली. प्यायला हंडाभर पाणी आणायला अर्धा दिवस जातो, तिथे शेण कालवायला पाणी कोण आणणार? पाणी आणणारीही तीच, शेण कालवणारीही तीच. ज्यांनी बसवून दिलं ते फोटो काढून गेले, पुन्हा फिरकले नाहीत. नळी फुटली तर बदलायची कशी, हे घरात कुणाला दाखवलेलं नव्हतं. आता त्या खड्ड्यांत घाणेरी माजली आहे.

म्हणजे गोबर गॅस वाईट का? मुळीच नाही. सिंधुदुर्गात भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने गोठा, बायोगॅस आणि शेती यांची सांगड घालून कितीतरी घरांतली चूल बदलली आहे. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकटं, खराब पीठ, सडकी फळं यांवर चालणारं छोटं संयंत्र बनवलं. त्याला रोज दोन किलोच्या आसपास असा माल पुरतो आणि पाणीही कमी लागतं. २००६ मध्ये त्या कामाला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. आम्ही हे ऐकलं तेव्हा आमच्यातली एक ताई म्हणाली, "आमच्या घरी दोन किलो अन्न उरलं तर आम्हीच नाही का खाणार?" बरोबर आहे. ते आश्रमशाळेला चांगलं, मंगल कार्यालयाला चांगलं, हॉटेलला चांगलं. प्रत्येक वस्तूचं एक घर असतं. ते घर आपलं आहे का, एवढंच विचारायचं.

आता आजींच्या कोंबडीची चूल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन संशोधक आणि त्यांचे भारतीय सहकारी गुजरातच्या खेड्यांत गेले आणि स्वयंपाक करणारी बाई किती धूर ओढते, ते त्यांनी मोजलं. तोवर प्रदूषण म्हणजे शहरातल्या चिमण्या असंच सगळे धरून चालले होते. त्याच सुमारास, १९८३ पासून, देशात सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला. तो २००२ पर्यंत चालला. लाखो चुली बसल्या. काही घरांत त्या चांगल्या चालल्याही. जिथे गावातल्याच बाईला किंवा कुंभाराला चूल घडवायला शिकवलं, तिथे मोडली तर पुन्हा बांधता आली.

पण आजींच्या घरी तसं झालं नाही. धुराडं काजळीने तुंबलं, ते साफ करायचं असतं हे कुणी सांगितलं नाही. पावसात धुराड्याच्या भोवतीनं पाणी गळायला लागलं. चुलीची तोंडं लहान, लग्नकार्याचं पातेलं त्यात बसेना, म्हणून आजींनीच विळ्याने तोंड मोठं केलं आणि धूर परत घरात आला. आणि एक गंमत सांगतो. धूर गेल्यावर पहिल्याच वर्षी वाशांना भुंगा लागला आणि बियाण्याला कीड लागली. नवी चूल आणणाऱ्यांनी जुन्या चुलीचं एकच काम पाहिलं होतं. बाकीची चार कामं कोण करणार, हे आजींना विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी कोठीत कडुनिंबाचा पाला, राख आणि बियाण्याला ऊन दाखवण्याचा उपाय तिथेच सांगितला असता.

त्यानंतर सिलिंडर आला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्या बऱ्याच घरांत पहिल्यांदा शेगडी पेटली. चहा दोन मिनिटांत होतो, तान्ह्या बाळाचं दूध रात्री गरम करता येतं. ज्यांनी फुंकणीने फुंकून फुंकून जन्म काढला, त्यांनाच त्याची किंमत कळते. पण सिलिंडर भरायला एकदम पैसे लागतात आणि आपली मजुरी रोजची. म्हणून घरोघरी आज दोन्ही आहे. चहा गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. पण निम्मा धूर अजून घरातच आहे, हे विसरायचं नाही.

आणि आता सूर्य. शिर्डीला पायी जाणाऱ्या पालख्या आपल्या शहापूरवरून कसारा घाट चढतात. त्यातल्या कितीजणींना माहीत आहे की तिथल्या प्रसादालयात २००९ पासून सूर्याच्या वाफेवर स्वयंपाक होतो? छतावर मोठमोठ्या ७३ तबकड्या आहेत. त्या ऊन एका जागी गोळा करतात, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर भात-डाळ शिजते.

दुसरं उदाहरण माळशेज घाटाच्या वरचं, जुन्नर भागातलं दरेवाडी. तिथे तारा पोचल्या नव्हत्या. २०१२ मध्ये ग्रामऊर्जा या पुण्याच्या कंपनीने तिथे सुमारे चाळीस घरांसाठी गावाचं स्वतःचं छोटं सौर वीजघर उभं केलं. प्रत्येक घराला मीटर बसवलं, आणि गावकऱ्यांच्याच संस्थेकडे लोक बिल भरू लागले. पिठाची गिरणीही त्या विजेवर चालली. आम्हाला त्यातलं बिल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण बचत गटवाल्या बायका हे लगेच ओळखतो. महिन्याला थोडे पैसे जमा झाले तर बॅटरी बिघडल्यावर हात पसरावा लागत नाही. फुकट मिळालेली वस्तू बिघडली की ती कुणाचीच नसते.

आता आमच्या ताईंच्या अर्जाकडे येऊ. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. घराच्या छपरावर एक किलोवॅटसाठी ३० हजार, दोनसाठी ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटसाठी ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान ठरलं. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मजबूत, सावली नसलेलं छप्पर लागतं. महिन्याला सरासरी शंभर-सव्वाशे युनिट वीज होते, आपल्या मुसळधार पावसाच्या महिन्यांत त्याहून कमी. जास्तीची वीज तारेत जाते आणि बिलातून वजा होते. उरलेली रक्कम आपली, म्हणजे कर्जाची.

आम्ही ताईंचं बिल घेऊन बसलो. घरात अजून दोन जुने ६० वॅटचे बल्ब होते. असा एक बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट खातो. ९ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो आणि दीड युनिटसुद्धा खात नाही. दोन बल्ब बदलले की महिन्याला पंधरा युनिट वाचली, तीही कर्जाशिवाय. मग ताईंनी आठवडाभर रोजची मोळी वजनकाट्यावर ठेवली. भाकरीला किती लाकूड आणि पाण्याला किती, ते वेगळं लिहिलं. पाण्याखाली आमच्या सगळ्यांच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त लाकूड जळत होतं. हंड्यावर झाकण नव्हतं आणि नवी चूल मांडताना वैल काढून टाकला होता.

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या घरात विजेपेक्षा उष्णता जास्त लागते. छपरावर सोलर आला आणि खाली चूल तशीच धुमसत राहिली, तर बिल कमी होईल, धूर मात्र तेवढाच राहील. सोलर बसवू नये असं नाही. ज्यांचं छप्पर पक्कं आहे, घरात फ्रीज, पंखे, शिलाई मशीन आहे, त्यांच्यासाठी ते फायद्याचंच आहे. पण धूर घालवायचा असेल तर सुरुवात दुसरीकडून करावी लागेल.

या सगळ्या हिशेबातून आमच्या गटाने चार प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. नवी वस्तू घ्यायची असेल तर आधी ते विचारायचे. एक, ही वस्तू घरातलं नेमकं कुठलं काम कमी करणार? दोन, ती चालवायला पाणी, शेण किंवा वेळ लागणार असेल तर तो कोण देणार? तीन, बिघडली तर दुरुस्त करणारं माणूस पंचक्रोशीत आहे का, आणि नसेल तर आपल्यातल्या कुणाला शिकवणार का? चार, दुरुस्तीसाठी महिन्याला किती बाजूला टाकायचे? ज्या वस्तू टिकल्या, त्यांना या प्रश्नांची उत्तरं होती. ज्या मोडल्या, त्यांचे हे प्रश्न कुणी विचारलेच नव्हते.

ताईंनी अर्ज मागे घेतलेला नाही. त्यांनी पुन्हा वैल बांधून घेतला, हंड्याला झाकण आणलं, बल्ब बदलले. डाळ तासभर भिजवून कुकरला लावतात. भाताला उकळी फुटली की पातेलं उतरून जुन्या घोंगडीत गुंडाळतात, तो स्वतःच्या वाफेवर शिजतो. तीन महिन्यांनी पुन्हा बिल आणि मोळी मोजू, आणि मग सोलर किती मोठा हवा ते ठरवू. वैल बांधून दिला तो कोंबडीवाल्या आजींनीच. बांधताना आमच्यातल्या दोन तरुण मुलींना शेजारी बसवून माती कशी मळायची ते दाखवलं.

मैत्रिणींनो, आपलं लाकूड गेलं, पाणी गेलं, वीज डोक्यावरून गेली. तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. आता छपरावरचं ऊन आपलं आहे, आणि कर्ज द्यायचं की नाही हे आपल्या वहीत आहे. तेव्हा उद्या सकाळी एवढं करा. चूल पेटवायच्या आधी मोळी तोला आणि आकडा भिंतीवर कोळशाने लिहा. आठवडाभर लिहा. पुढच्या बैठकीला तो आकडा घेऊन या.